क्षार, आम्ल आणि उदक

धातूच्या भांड्यावर चढलेला डाग कोणत्या द्रव्याने काढावा, हा प्रश्न आज मोरीपुरता आणि मोरीत राबणाऱ्या हातांपुरता वाटत असला, तरी ज्या स्मृतिकारांनी राजधर्म आणि दायविभाग यांचे निर्णय दिले, त्यांनीच त्याचाही निर्णय तितक्याच गांभीर्याने दिलेला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीच्या विवेचनात तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व उदक यांनी, ज्या धातूला जे योग्य त्याने, करावी असे विधान आहे. आणि याज्ञवल्क्याने त्यात आणखी बारकावा आणून कथील, शिसे व तांबे यांना क्षार, आम्ल व पाणी, तर कांसे व लोखंड यांना भस्म व पाणी, अशी वाटणी करून दिलेली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या शुद्धिप्रकरणाचा परामर्श घेतला आहे. त्या नियमांतील धार्मिक आशयापेक्षा मला मोलाचे वाटते ते त्यांतील पृष्ठभागाचे भान : एका धातूला जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही, हे ज्ञान त्यांच्या तळाशी आहे, आणि महाराष्ट्रातील घरांनी ते ग्रंथ न उघडता, पिढ्यान्‌पिढ्या, केवळ हाताच्या सवयीने जतन केले.

तांब्या-पितळेवर दोन प्रकारचा मळ धरतो आणि त्या दोहोंचे उपाय परस्परांहून भिन्न आहेत. पहिला मळ बाहेरचा : तूप, तेल, हातांचा ओशटपणा, चुलीच्या धुराची चिकट काजळी. दुसरा धातूच्याच अंगातून उपजणारा : हवा आणि ओल यांच्या संगतीने तांब्यावर आधी तपकिरी आणि मग काळसर पापुद्रा येतो, आणि आंबट पदार्थाचा सहवास फार झाला तर हिरवट जंगाल दिसू लागतो. लाकडाच्या आणि गोवरीच्या राखेतील क्षार ओशटपणाशी मिळून त्याचा एक प्रकारचा साबणच करून टाकतो, आणि राखेचे बारीक कण त्याच वेळी घासण्याचे काम करतात. परंतु काळ्या पापुद्र्यापुढे राखेची मात्रा चालत नाही, तेथे चिंचच हवी, कारण चिंचेतील आम्ल तो पापुद्रा विरघळवून खालचा लालस धातू उघडा करते. म्हणून जाणत्या बाईचा क्रम ठरलेला असे : आधी राख, मग पाणी, मग चिंचेचा कोळ आणि त्यात चिमूटभर मीठ, पुन्हा भरपूर पाणी, आणि लगोलग कोरड्या फडक्याने पुसणे. मिठाने आम्लाचा जोर वाढतो हे तिला अनुभवाने ठाऊक होते; आणि पुसण्यात हयगय झाली तर घटकाभरात त्या लख्ख अंगावर पाण्याच्या थेंबांचे काळे ठिपके उमटतात, हेही ठाऊक होते.

या क्रमाला प्रांतोप्रांती निराळी सामग्री लाभली. देशावर चिंच आणि शिळे ताक, कोकणात आमसूल, आणि गोव्यात व दक्षिण कोकणात परसातले बिंबल, ज्याच्या रसात पितळ उजळण्याची शक्ती चिंचेहून तसूभरही उणी नाही. घासणीचे काम कोकणात नारळाच्या काथ्याने केले, तर देशावर सुंभाच्या चोथ्याने. लोखंडी तव्याला विटेचा चुरा आणि वाळू लावीत. चांदीच्या ताटवाटीला मात्र या खरखरीत द्रव्यांचा स्पर्श होऊ न देता रिठ्याच्या फेसात धुऊन काढीत. काशाच्या वाटीत आंबट ठेवू नये, चिंच लावलेले भांडे रात्रभर तसेच टाकू नये, तांब्याच्या बंबाच्या नळीच्या सांध्याशी बोट घालून राख पोचवावी, असे बारीकसारीक निर्बंध सासूकडून सुनेकडे उतरत असत. काजळीच्या बाबतीत तर उपायापेक्षा प्रतिबंधच अधिक मानलेला होता : पातेले चुलीवर चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप देत, म्हणजे धुराचा थर त्या लेपावर बसे आणि स्वयंपाक आटोपल्यावर लेपासकट निघून जाई.

याच शुद्धिप्रकरणाची दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणत्या मळाने भांडे अशुद्ध होते, या यादीत तूप-काजळीच्या बरोबरीने माणसांचा स्पर्शही घालण्यात आला. भांडे कोणाच्या ओठाला लागले यावर ते राखेने शुद्ध होईल, अग्नीत तापवावे लागेल, की मातीचे असल्यास फोडूनच टाकावे लागेल, हे ठरू लागले. आणि ज्या नियमांत धातूंच्या स्वभावाचे इतके सूक्ष्म निरीक्षण होते, त्याच नियमांनी माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या. अस्पृश्य मानलेल्या माणसासाठी दाराबाहेर वेगळा ठेवलेला पेला ही गोष्ट या देशात फार जुनी झालेली नाही. तांब्यावरचा डाग रसायनाने पडतो. त्या पेल्यावरचा डाग माणसांनी लावलेला होता, आणि त्याला कसलेही शास्त्र नव्हते.

घासण्याचे श्रम कोणी केले, हेही दप्तरांतून सरळ वाचायला मिळत नाही. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत मुदपाकखाना, म्हणजे स्वयंपाकाचे खाते, आणि आबदारखाना, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे खाते, यांची गणना होते. अशा खात्यांच्या हिशेबांत भांड्यांची वजने, खरेदी, मोडतोड आणि शिल्लक यांना जागा असते, परंतु ती भांडी रोज उजळणाऱ्या हातांना क्वचितच. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा सरकारजमा झालेल्या दासी, खाजगी वाड्यांत तशाच सरकारी कोठ्यांत व कारखान्यांत राबत असत. घरकामाचा सर्वांत जड आणि सर्वांत ओला भाग त्यांच्या वाट्याला येई. पुण्याच्या ब्राह्मणभोजनांच्या आणि दक्षिणासमारंभांच्या वर्णनांत पक्वान्नांची नावे आवर्जून सापडतात. पंगती उठल्यावर त्या प्रचंड पातेल्यांचे आणि पराती-घंगाळांचे काय झाले असेल, याची कल्पना मात्र आपली आपणच करावी लागते. पुढे कुणबिणी गेल्या, मोलकरीण आली. राखेने आणि थंड पाण्याने फुटलेल्या हातांचा वारसा मात्र एकीकडून दुसरीकडे तसाच चालत आला.

भांडे घडवणाऱ्यांचा इतिहास त्या मानाने अधिक ठळक आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही त्या नावाने ओळखली जाते. त्वष्टा कासार समाजाचे हे कारागीर पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यास आले, अशी त्यांची परंपरा आहे. तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या अंगावर हातोडीचे नेमके, एकसारखे ठोके देऊन त्याला घट्टपणा आणणे, याला ते मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांच्या लहान लहान खळग्यांनी भांड्याला बळकटी येते, आणि त्याच खळग्यांवर प्रकाश विखुरल्याने साध्या गुळगुळीत पत्र्याला न लाभणारे तेज येते. शिवाय मठारलेल्या अंगावर रोजच्या वापराचे बारीक ओरखडे सहज दिसून येत नाहीत, हा त्याचा एक व्यावहारिक गुण मला विशेष वाटतो. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरने शहराच्या प्रमुख उद्योगांत तांब्या-पितळेच्या कामाची नोंद केली आहे. त्या शतकात विलायती पत्रा येऊ लागल्याने लगड ठोकून पत्रा करण्याचे कष्ट कमी झाले. मुंबईत तांबाकाटा आणि नाशकात भांडी बाजार ही नावे त्याच व्यापाराची साक्ष देतात.

तांब्या-पितळेच्या या संसारात सर्वांत अगत्याचा पाहुणा म्हणजे कल्हईवाला. आमटी, ताक, चिंच-गुळाची भाजी असे आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवले तर ते कळकतात : चवीला तुरट-कडवट, रंगाला हिरवट आणि पोटाला अपायकारक होतात. ते टाळण्यासाठी भांड्याच्या आतून कथलाचा पातळ मुलामा देणे म्हणजे कल्हई. वाड्याच्या चौकात किंवा आळीच्या तोंडाशी कल्हईवाला जमिनीत वीतभर खळगा खणी, त्यात भात्याची नळी सोडून कोळसे पेटवी, आणि त्याची आरोळी ऐकून घरोघरची काळवंडलेली पातेली, तपेली, ओगराळी त्याच्यापुढे येऊन पडत. मोठे पातेले असले तर त्याचा पोऱ्या त्यात ओली वाळू घालून स्वतः आत उभा राही, भिंतीला किंवा खांबाला हातांनी धरून कमरेतून अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे असा घुसळत राही, आणि तळव्यांखालच्या वाळूने जुनी कल्हई व कळक खरडून निघे. मग भांडे सांडशीने धरून निखाऱ्यांवर फिरवावयाचे. ते पुरेसे तापले की नवसागराची पूड आत टाकावयाची. पांढऱ्या धुराचा एक दाट लोट उठे, आणि त्या धुराच्या उग्र वासाने भोवती जमलेली मुले खोकत मागे सरत. नवसागर तापल्यावर त्यातून अम्लवायू सुटतो आणि तो तांब्यावरचा उरलासुरला पापुद्रा खाऊन टाकतो. त्या क्षणी उघड्या पडलेल्या धातूला कथलाची कांडी नुसती टेकवली की ती पाझरू लागते, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते. कापसाच्या बोळ्याने तो पाझर एका फेऱ्यात सर्वत्र फिरवला जाई आणि भांड्याचे लाल किंवा पिवळे पोट डोळ्यांदेखत रुपेरी होई. लगेच ते पाण्यात बुडवले की चर्र आवाज होऊन काम पुरे होई.

या कामात ठकबाजीलाही वाव होता. कथील महाग, शिसे स्वस्त. आणि शिसे मिसळलेली कल्हई पहिल्या दिवशी तितकीच चमकते, पण अन्नात विष कालवते. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर तिच्या आतील स्फटिकांची मांडणी एकाएकी बदलून बारीक करकर ऐकू येते; शिशाची भेसळ वाढली की तो आवाज मंदावतो. ही परीक्षा करणारे ग्राहक थोडे असत, म्हणून नेहमीचा कल्हईवाला पिढीजात असावा, त्याचे नाव-गाव ठाऊक असावे, याकडे घरातील वडीलधाऱ्यांचा कटाक्ष असे. कथील आपल्या प्रांतात पिकत नाही. त्याचा मोठा पुरवठा मलायाकडून होई. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या हाती गेला आणि जगभर कथलाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्याची झळ या उघड्यावरच्या भात्यांनाही लागल्यावाचून राहिली नसणार.

रोजच्या घासण्याने भांडे उजळते तसे झिजतेही, आणि जुन्या गृहस्थाला या झिजेचा हिशेब होता, कारण तांब्या-पितळेची भांडी ही केवळ भांडी नव्हती, ती घरातील ठेव होती. ती शेरावर तोलून घेत, अडीअडचणीला गहाण टाकीत आणि फुटली-गळली की मोडीत घालून तूट वजा जाता नवी आणीत. विटेच्या चुऱ्याने पितळ घासणाऱ्या नव्या मोलकरणीला घरची आजी दटावीत असे, ते याच कारणाने. ताटाच्या काठावर टोच्याने ठिपका-ठिपका जोडून कोरलेले नाव या झिजेचे उत्तम माप होते : लग्नात आलेल्या ताटावरचे गावाचे नाव आधी पुसट होई, मग आडनाव, आणि दोन पिढ्यांनंतर बोटाला नुसता खडबडीतपणा लागे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, म्हणजे दिनकर गंगाधर केळकरांनी जन्मभर जमवून १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात, दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील पात्रे पाहताना हा विचार मनात येतो. संग्रहालयांचा दंडक गृहिणीच्या दंडकाच्या अगदी उलट असतो. तेथे जुन्या धातूवरचा काळसर थर मळ न समजता वयाची खूण समजून राखतात, कारण चिंचेचा एक हात फिरला तर कारागिराच्या टोच्याच्या खुणाही फिकट होतील. दोन्ही दंडक आपापल्या जागी बरोबर आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या सरळ व्यवहारात नवे पृष्ठभाग शिरू लागले. १८९८ च्या सुमारास मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अॅल्युमिनियमच्या भांड्यांचा प्रयोग सुरू केला, आणि काही दशकांत ती हलकी, स्वस्त भांडी गरिबांच्या चुलीवर आली. त्यांच्या बाबतीत जुनी शिस्त उलटी पडली : राखेच्या आणि धुण्याच्या सोड्याच्या क्षाराने अॅल्युमिनियम काळे पडते, तर चिंच-लिंबाच्या आम्लाने उजळते. एनॅमलच्या थाळ्या आल्या. त्यांच्यावर क्षाराम्लांचा फारसा परिणाम नाही, पण आपटल्या की काचेसारखा टवका उडून खालचे लोखंड गंजू लागते. लष्करी छावण्यांत गणवेशाची बटणे आणि बिल्ले उजळण्यासाठी १९०५ साली इंग्लंडात निघालेले ब्रासो आले, आणि तेथून साहेबांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांच्या पितळी पाट्यांपर्यंत पोचले. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली काढलेला प्रायमस स्टोव्ह मुंबईच्या चाळींत शिरला, तो तर जुन्या आणि नव्या जगाच्या सीमेवरच उभा होता : त्याच्या आत हवेचा दाब, पिस्टन आणि बर्नर असे यंत्रशास्त्र, पण बाहेरची टाकी पितळेची, म्हणून दिवाळीत तीही समई-ताम्हनांच्या रांगेत मोरीवर येऊन चिंचेने घासून घेत असे. यंत्र म्हणून घरात आलेल्या, आणि तरीही जुन्या विद्येने ज्याची मशागत करता आली, अशा वस्तूंत त्याचे स्थान पहिले आहे.

कल्हईवर खरा घाला घातला तो स्टेनलेस स्टीलने. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केलेल्या या मिश्रधातूत क्रोमियम असते, आणि त्याचा अदृश्य पापुद्रा स्वतःच धातूचे रक्षण करतो. त्याला कल्हई नको, चिंच नको. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरांनी जुनी पितळी पातेली मोडीत घालून आणि जरीची लुगडी बोहारणीच्या पाटीत टाकून स्टीलचे डबे घेतले. या सौद्यात सोय झाली हे खरे, आणि कित्येक बायकांचे हात सुटले हेही खरे. परंतु एका पिढीच्या आत कल्हईवाल्याचा भाता थंडावला याचे मला दुःख वाटते. देवघरातली उपकरणी तेवढी पितळेची राहिली. ठाण्याच्या पितांबरीने १९८९ पासून बाजारात आणलेल्या पुडीने ती उजळण्याचे काम सोपे केले, आणि चिंचेचा कोळ कालवण्याचा उपचार बहुतेक घरांतून उठला.

खरी पंचाईत झाली ती रंग दिलेल्या पत्र्याची. गोदरेज कंपनीने १९२३ पासून पोलादी कपाटे आणि १९५८ साली देशी बनावटीचा रेफ्रिजरेटर काढला, आणि एनॅमलच्या थाळ्या सोडल्या तर ज्या घरात आजवर प्रत्येक धातू उघडा होता, त्यात असा धातू आला की जो दिसतच नाही. दिसतो तो त्यावरचा रंगाचा केसाइतका थर. त्या काळी रेफ्रिजरेटर स्वयंपाकघरात न ठेवता दिवाणखान्यात ठेवीत, त्याच्या माथ्यावर विणलेला रुमाल आणि दांड्याला कापडी आवरण घालीत. इतका मान असूनही त्याला इजा व्हावयाची ती होईच : तळाशी केरसुणीचे आणि पायताणांचे काळे फराटे, कडेला खुर्चीच्या पाठीचा घासा, दरवाजावर किल्ल्यांच्या जुडग्याचे ओरखडे. मोलकरणीने किंवा घरच्या सुनेने परंपरेने शिकलेल्या निष्ठेने त्यावर राख किंवा रांगोळी घेतली, आणि डाग गेला तो रंगाची झिलई घेऊनच. राखेतले वाळूचे कण तांब्याला जे करतात ते रंगाला साहत नाही. एकदा झिलई गेलेल्या मंद जागी पुढचा मळ दुप्पट वेगाने धरतो.

हळूहळू याही पृष्ठभागाची विद्या घरांनी शिकून घेतली. पहिली गोष्ट म्हणजे निदान. फराटा दिसला की नखाची कड त्यावरून आडवी फिरवावी : नख अडले नाही, तर दुसऱ्याच वस्तूचे रबर, लाकूड किंवा भिंतीचा रंग या पृष्ठावर चिकटून बसलेला आहे आणि तो निघण्याजोगा आहे; नख खाचेत अडकले, तर इथला रंगच खरवडून गेला आहे आणि घासून काही साधावयाचे नाही. पहिल्या प्रकारासाठी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेले मऊ सुती फडके आधी वापरावे; त्याने न भागल्यास खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट बोटाच्या टोकाने, दाब न देता, तेवढ्याच जागी फिरवावी. दातांची साधी पांढरी पेस्टही हेच काम करते, कारण तिच्यातील खडूसारखे कण रंगाला मानवण्याइतके मऊ असतात. अलीकडे मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळतो. मूळचा ध्वनिरोधासाठी वापरात असलेला हा पदार्थ हाताला कापसासारखा मऊ लागतो, पण तो प्रत्यक्षात अतिसूक्ष्म घासणीच आहे आणि चकचकीत रंगावर जोराने चालवला तर तेथे निस्तेज ठिपका ठेवून जातो. रॉकेलने डाग निघतो हे खरे, परंतु रबरी पट्टीला ते लागले तर ती फुगते आणि दार नीट बसेनासे होते. आता पुष्कळ घरांत रेफ्रिजरेटरचा दरवाजाच स्टीलचा असतो. त्याच्या अंगावर बारीक समांतर रेषांचा जो पोत असतो त्याच्याच दिशेने फडके चालवावे, गोल फिरवू नये, आणि तारेची घासणी तर मुळीच लावू नये, कारण तिचे तुटलेले लोखंडी कण त्या रेषांत अडकून गंजतात आणि स्टीलच गंजले असा भास होतो. रंगाच्या पत्र्यावर ओरखडा खालच्या लोखंडापर्यंत पोचला असेल तर मात्र कोणतेही द्रव्य चोळण्यात अर्थ नाही. ती जागा बारीक पॉलिशपेपराने घासून व कोरडी करून, पावसाळ्यापूर्वीच, जुळत्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत आणि पहिला हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये.